आधी मान, मग ब्रश : सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या दातांची निगा

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणे) आहे आणि चारही हातापायांत ताठरपणा आहे. त्याच्या पहिल्या पाच वर्षांत आमचे दिवस फिजिओथेरपी, आकडीची औषधे, पायांचे स्प्लिंट आणि त्याच्या पोटात चार घास कसे जातील या काळजीत संपत असत. दात हा विषय यादीत शेवटी होता आणि बहुतेक रात्री यादी तिथपर्यंत पोहोचतच नसे. साडेपाच वर्षांचा असताना तो घास समोर आला की मान फिरवू लागला आणि रात्री स्वतःच्या गालावर मूठ मारू लागला, तेव्हा आम्ही तीन आठवडे पोटदुखीची औषधे देत राहिलो. दुखत होत्या त्या दाढा. चार दाढा किडल्या होत्या आणि त्या सगळ्यांवर पूर्ण भूल देऊन उपचार करावे लागले. त्यानंतरच्या वर्षांत बालदंतवैद्यांकडून, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून आणि परळ-दादरच्या थेरपी केंद्रांबाहेर बाकावर ताटकळणाऱ्या इतर मातांकडून जे शिकले, ते येथे लिहीत आहे. त्यातली मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट शीर्षकात दिली आहे. ब्रश कोणता आणि पेस्ट कोणती हे प्रश्न नंतरचे आहेत. मुलाची मान आणि कंबर नीट आधारलेली असल्याशिवाय ब्रश दातांपर्यंत पोहोचतच नाही.

दात कशामुळे बिघडतात

मेंदूला झालेली इजा दातांना थेट कीड लावत नाही. जीभ, गाल आणि ओठ यांच्या हालचालींवर ताबा कमी असल्याने घास गालाच्या आतल्या खळगीत किंवा टाळूला चिकटून तासन्‌तास राहतो. इतर मुलांच्या तोंडात जीभ दिवसभर झाडू मारत असते. आपल्या मुलांच्या तोंडातले ते काम आपल्या हातांना करावे लागते. अनेक मुले तोंडाने श्वास घेतात, त्यामुळे पुढच्या हिरड्या कोरड्या पडून सुजतात. काही मुलांच्या, विशेषतः वेळेआधी जन्मलेल्या मुलांच्या, दातांचे कवच मुळातच पातळ किंवा खडबडीत असते आणि तिथे कीड लवकर शिरते. ज्यांना आम्लपित्त उलटून वर येण्याचा त्रास आहे, त्यांच्या दाढांचे कवच आम्लामुळे झिजते. अशा मुलाला उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. ओल्या गॉजने तोंड पुसून अर्धा-पाऊण तास थांबावे, कारण आम्लाने मऊ झालेले कवच ब्रशने आणखी घासले जाते.

औषधांचा वाटाही मोठा आहे. आकडीची अनेक औषधे गोड सिरपच्या रूपात असतात आणि ती दिवसातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे दिली जातात. फेनिटॉइन घेणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. स्वच्छता चांगली ठेवली तर ही वाढ कमी राहते. व्हॅल्प्रोएटमुळे काही मुलांमध्ये रक्तातल्या प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना ते सांगणे आवश्यक आहे. या कारणांसाठी कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये किंवा बदलू नये. साखर नसलेला पर्याय किंवा गोळीचे रूप चालेल का, एवढेच मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे, आणि रात्रीचा डोस ब्रश करण्याच्या आधी द्यावा, नंतर नव्हे.

लाळ गळणे म्हणजे लाळ जास्त तयार होणे, असा समज घरोघरी आढळतो. प्रत्यक्षात ती वेळेवर गिळली जात नाही, म्हणून बाहेर येते. लाळ दातांचे रक्षण करते. त्यामुळे लाळ कमी करण्यासाठी ग्लायकोपायरोलेट किंवा ट्रायहेक्सीफेनिडिलसारखे औषध सुरू झाले, तर त्या महिन्यापासून दातांवर अधिक लक्ष ठेवावे आणि दंतवैद्यांनाही कळवावे. दात खाण्याबद्दलही असेच आहे. आपल्याकडे मूल दात खाऊ लागले की पोटात जंत झाले असे आजी-आजोबा म्हणतात, पण या मुलांमध्ये त्यामागे बहुधा स्नायूंचा ताण, वरच्या-खालच्या दातांची न जुळणारी ठेवण किंवा कुठेतरी असलेले दुखणे असते. दात झिजून सपाट होत असतील तर तपासणी करून घ्यावी. दातांवर बसवायचा काढता-घालता येणारा साचा आकडी येणाऱ्या मुलाला सहसा देत नाहीत, कारण तो तुटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

बसवणे

मी पूर्वी मुलाला मोरीजवळ नेऊन, एका हाताने त्याची हनुवटी वर उचलून ब्रश करीत असे. मान मागे गेली की त्याचे सारे शरीर धनुष्यासारखे ताणले जाई, जबडा घट्ट मिटे, आणि तो मुद्दाम विरोध करतो आहे असे मला वाटे. त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने एकदाच करून दाखवले आणि चित्र पालटले. कंबर आणि गुडघे वाकलेले असले, पावलांखाली टेकू असला, खांदे किंचित पुढे असले, डोके मध्यरेषेत आणि हनुवटी जराशी खाली असली, की शरीराचा ताण उतरतो आणि जबडाही सैल पडतो. मान मागे टाकलेली असताना गिळणे अवघड होते आणि पेस्ट व लाळ श्वासनलिकेत उतरण्याची शक्यता वाढते. म्हणजे हनुवटी खाली ठेवण्यामागे सोयीपेक्षा सुरक्षिततेचा विचार अधिक आहे.

लहान मुलासाठी सर्वांत सोपी पद्धत अशी. भिंतीला पाठ टेकून सतरंजीवर पाय पसरून बसावे, मुलाला उताणे निजवून त्याचे डोके आपल्या मांडीवर घ्यावे, मानेखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून डोके थोडे उंच करावे आणि गुडघ्यांखाली उशी किंवा लोड सरकवावा. दोन मोठी माणसे असतील तर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसावे. मुलाचे पाय एकाच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि डोके दुसऱ्याच्या मांडीवर ठेवले की एक जण हात धरून बोलत राहतो आणि दुसरा ब्रश करतो. मोठे मूल व्हीलचेअरमध्ये किंवा सीपी चेअरमध्ये (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीच्या आधाराच्या खुर्चीत) बसलेले असेल, तर ब्रेक लावून, पट्टा बांधून आपण मागे उभे राहावे, त्याचे डोके आपल्या पोटाशी टेकू द्यावे आणि एका हाताने खालचा जबडा हलकेच पेलावा. बीन बॅगही पुष्कळ मुलांना मानवते. बाजूने येऊन ब्रश करणे मात्र टाळावे, कारण डोके एका कुशीला वळले की काही मुलांचा त्या बाजूचा हात आपोआप ताणला जातो, दुसरा आखडतो आणि मग बसवलेली सगळी घडी मोडते.

यासाठी बेसिनची गरज नाही. ज्या मुलाला चूळ भरता आणि थुंकता येत नाही, त्याला बेसिनपाशी नेऊन काहीच साधत नाही. मुंबईतल्या एका खोलीच्या घरातही जिथे दिव्याचा चांगला उजेड पडतो तिथे टॉवेल, वाटीभर पाणी, गॉजचे तुकडे आणि ब्रश घेऊन बसले की पुरते. मी ट्रेकिंगचे सामान विकणाऱ्या दुकानातून डोक्याला बांधायचा छोटा टॉर्च आणला. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि मागच्या दाढा स्पष्ट दिसतात. मात्र उजेड थेट मुलाच्या डोळ्यांवर पडू देऊ नये.

वेळ रात्रीची धरावी. सकाळी नळाचे पाणी, डबे आणि शाळेची गाडी यांच्या घाईत ब्रश नीट होत नाही आणि आपल्या हातांची घाई मुलाच्या स्नायूंना लगेच कळते. रात्री झोपेत लाळ कमी स्रवते, म्हणून झोपण्यापूर्वीची स्वच्छता अधिक महत्त्वाचीही आहे. सकाळी साधा ब्रश फिरवला तरी चालेल. रात्री मात्र टाळू नये. जेवण झाल्याबरोबर तोंडात ब्रश घातला तर उमासा येऊन उलटी होते, म्हणून अर्धा-एक तास जाऊ द्यावा.

तोंड उघडेपर्यंत

अनेक मुलांना तोंडाला झालेला स्पर्शच सहन होत नाही. तिथे बळजबरी केली तर पुढची कित्येक वर्षे बिघडतात. सुरुवात तळहात आणि खांद्यापासून करावी, मग गाल, मग ओठांभोवती, असे दाबून, ठाम पण हळुवार हात फिरवावेत. गुदगुल्या झाल्यासारखा हलका स्पर्श या मुलांना उलट दचकवतो. काही दिवसांनी ओठाच्या आत ओले बोट हिरडीवर मध्यापासून मागे न्यावे, दातांच्या बाहेरूनच. त्यानंतर ओला गॉज, आणि तोही सवयीचा झाला की पेस्टशिवाय ब्रश. आम्हाला या क्रमाला जवळपास दोन महिने लागले. प्रत्येक पायरीपूर्वी काय करणार ते त्याला सांगत असे आणि एक ते दहा मोठ्याने मोजत असे. दहा झाले की हात बाहेर, मग त्याला कितीही आवडत असो वा नसो. संपण्याची खात्री असली की मूल सोसते. अचानक केलेल्या हालचालीने आणि आवाजाने ही मुले दचकतात, म्हणून टीव्ही बंद ठेवावा आणि त्या वेळी दाराची घंटा वाजली तरी उठू नये.

ब्रश दातांवर टेकताच जबडा कडकडून मिटणे ही अनैच्छिक प्रतिक्रिया आहे. मी एकदा असा अडकलेला ब्रश जोराने ओढला आणि पुढच्या दाताचा कोपरा निघाला. त्या वेळी ओढू नये. हात स्थिर ठेवावा, मुलाशी शांतपणे बोलावे, डोके किंचित पुढे झुकवावे, गालावरून जबड्याच्या सांध्याजवळ हलके चोळावे. काही क्षणांत पकड सुटते. आपले बोट वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये कधीही घालू नये. तोंड उघडे ठेवण्यासाठी दंतवैद्यांकडे रबरी टेकू मिळतो, आणि तो वापरायचा कसा हे त्यांच्याकडूनच शिकून घ्यावे. चमचा किंवा पातळ लाकडी पट्टी वापरू नये. ती तुटते किंवा दात तोडते. पुष्कळदा टेकूची गरजही पडत नाही, कारण दात मिटलेले असतानाही त्यांच्या बाहेरच्या बाजू पूर्ण स्वच्छ करता येतात. ज्या दिवशी मूल तोंड उघडत नाही, त्या दिवशी तेवढेच करावे आणि समाधान मानावे.

ब्रश, पेस्ट आणि हात

ब्रशचे डोके लहान आणि केस मऊ असावेत. तीन बाजूंनी एकाच वेळी दात वेढणारा ब्रश ऑनलाइन मिळतो आणि ज्यांच्या तोंडात फार थोडा वेळ मिळतो त्यांना तो उपयोगी पडतो. विजेवर चालणाऱ्या ब्रशची थरथर काही मुलांना आवडते, काहींचा ताठरपणा त्याने वाढतो. आधी तो मुलाच्या तळहातावर चालवून पाहावा. चावणाऱ्या मुलाच्या ब्रशचे केस सैल होऊन घशात जाऊ शकतात, त्यामुळे रोज ओढून पाहावे आणि तीन महिन्यांची वाट न पाहता बदलावा.

पेस्ट फ्लोराइडची हवी. पाकिटावर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिले आहे का ते पाहावे; लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसते किंवा फार कमी असते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ज्या मुलाला थुंकता येत नाही, त्याला मोठेपणीही अगदी पातळ थर द्यावा, तो ब्रशच्या केसांत दाबून बसवावा म्हणजे गोळा होऊन घशात घसरत नाही, आणि शेवटी जादा फेस गॉजने टिपून घ्यावा. पाण्याने धुण्याची गरज नाही. थोडे फ्लोराइड दातांवर राहिलेले चांगलेच. फेस कमी करणारी पेस्ट मिळाली तर उमासे कमी येतात. दंतमंजनाची पूड मात्र या मुलांना कधीही लावू नये, कारण ती श्वासाबरोबर आत ओढली जाते. मिश्रीमध्ये तंबाखू असते. तिचा हात लेकराच्या हिरडीला लागता कामा नये, मग घरातल्या थोरांना कितीही वाईट वाटो.

ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका धरून लहान लहान वर्तुळांत फिरवावा. आधी बाहेरच्या बाजू, मग चघळण्याच्या, शेवटी आतल्या. दर आठ-दहा सेकंदांनी थांबून मुलाला गिळू द्यावे. रोज एकाच ठिकाणाहून सुरुवात करण्याऐवजी कधी उजवीकडून, कधी डावीकडून करावी, नाहीतर शेवटची बाजू नेहमीच घाईत उरकली जाते. हिरडीतून रक्त आले की बहुतेक पालक ब्रश थांबवतात. सुजलेल्या हिरडीला उलट स्वच्छतेची गरज असते. मऊ ब्रशने नियमित स्वच्छता केली की हे रक्त साधारणपणे आठवडा-दोन आठवड्यांत थांबते, आणि थांबले नाही तर दंतवैद्यांना दाखवावे. क्लोरहेक्सिडिनचे (जंतुनाशकाचे) द्रावण काही मुलांना ब्रशने किंवा गॉजने लावायला सांगतात, पण ते ठरावीक दिवसांसाठीच असते आणि त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात; स्वतःहून सुरू करू नये.

नळीने अन्न घेणाऱ्या मुलांबद्दल येथे थांबून सांगितले पाहिजे, कारण तोंडाने काही खात नाही म्हणजे ब्रश नको, असे पुष्कळांना वाटते. अशा मुलांच्या दातांवर टार्टरचा (कडक झालेल्या किटणाचा) थर फार लवकर जमतो. त्यातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. त्यांचे तोंड दिवसातून दोनदा स्वच्छ करावेच, नळीतून अन्न दिल्यावर पुरेसा वेळ सोडून, मुलाला उंच बसवून, जवळजवळ कोरड्या ब्रशने. घरी सक्शन मशीन (तोंडातली लाळ ओढून घेणारे यंत्र) असेल तर तिला जोडता येणारा ब्रश मिळतो.

ज्या मुलाला मूठ वळता येते, त्याने स्वतः ब्रश धरावा. दांडा जाड करण्यासाठी सायकलच्या हँडलची पकड, भोक पाडलेला रबरी चेंडू किंवा पाइपवर चढवायची फोमची नळी वापरता येते. पकड सुटत असेल तर हाताभोवती व्हेल्क्रोची पट्टी बांधावी. कोपर टेबलावर टेकले की हाताची थरथर कमी होते. त्याचे करून झाल्यावर मोठ्या माणसाने पुन्हा एकदा सगळीकडे ब्रश फिरवावा. हे कितव्या वर्षापर्यंत करायचे, तर गरज असेल तोवर.

खाणे

दुधात बुडवलेले बिस्कीट, साखर घातलेले नाचणीचे सत्त्व, केळ्याचे शिकरण, मऊ भात: गिळायला सोपे म्हणून आपण जे देतो ते बहुतेक सगळे चिकट आणि गोड असते. वजन वाढवायचे असते, डॉक्टरांनीही उष्मांक वाढवायला सांगितलेले असते, त्यामुळे नुसते गोड बंद करा असे सांगणे या मुलांच्या बाबतीत निरर्थक आहे. उष्मांक तुपातून, शेंगदाण्याच्या बारीक कुटातून, डाळीतून, अंड्यातून वाढवता येतात का हे आहारतज्ज्ञांशी बोलून पाहावे, आणि गोड द्यायचे ते जेवणाबरोबर द्यावे. दर तासाला घोट घोट गोड दूध देणे दातांना सर्वांत घातक ठरते. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. गणपतीत पेढा आणि मोदक हातावर ठेवायला शेजारपाजार प्रेमाने येतो. नको म्हणणे जड जाते, म्हणून आम्ही प्रसाद घेतो आणि जेवणानंतर देतो. प्रत्येक खाण्यानंतर गालाच्या खळग्या आणि टाळू ओल्या गॉजने पुसणे हे वीस सेकंदांचे काम आहे. ज्याला पातळ पाण्याने ठसका लागतो, त्याला पाणी पाजून तोंड धुण्याचा प्रयत्न करू नये. गॉजच पुरेसा आहे.

दुखते आहे हे कसे ओळखावे

बोलता न येणारे मूल दात दुखतो हे शरीराने सांगते. खाण्याची इच्छा असून घास दूर लोटणे, एकाच बाजूने चघळणे, गार पाण्याने दचकणे, हात चावणे, गालावर मारणे, झोप मोडणे, लाळ अचानक वाढणे, आणि विनाकारण वाढलेला ताठरपणा. शेवटचे लक्षण पुष्कळदा नजरेतून सुटते. वेदना असली की स्नायू अधिक आखडतात आणि आपण फिजिओथेरपी वाढवत बसतो. महिन्यातून एकदा टॉर्चच्या उजेडात ओठ वर करून पाहावे. हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ ही किडीची पहिली खूण असते आणि त्या टप्प्यावर फ्लोराइडने ती थोपवता येते. लवंगेचे तेल लावू नये. ते हिरडी भाजते आणि गिळले गेले तर विषारी ठरू शकते.

दंतवैद्यांकडे

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली भेट व्हावी. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी. या भेटींत फ्लोराइड व्हार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून घ्यावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि दुखत नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे पालक तिला दुधाची समजून सोडून देतात. तिच्या खाचा सीलंटने (कीड रोखणाऱ्या पातळ लेपाने) बुजवून घेता येतात. छिद्र पाडण्याइतके सहकार्य नसलेल्या मुलाच्या किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून ती थांबवण्याचाही मार्ग आहे. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे आधी माहीत असावे.

मुंबईत यासाठी फार शोधावे लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे; दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. ज्यांचे उपचार हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत चालू आहेत, त्यांनी तिथल्या थेरपिस्टकडून बसण्याच्या स्थितीबद्दल दोन ओळी लिहून घ्याव्यात आणि दंतवैद्यांना दाखवाव्यात. सार्वजनिक रुग्णालयांतील बाह्यरुग्ण सेवा प्रामुख्याने सकाळची असते, म्हणजे गर्दीच्या लोकलने जावे लागते. दिव्यांगांच्या डब्यातही व्हीलचेअर चढवायला दुसरा माणूस लागतो. पहिल्या भेटीला फक्त केसपेपर काढून, खुर्ची दाखवून परत यायचे, असे ठरवूनच निघावे. खासगी दवाखाना निवडताना फोनवर दोन प्रश्न विचारावेत: जिना चढावा लागतो का, आणि व्हीलचेअर आतपर्यंत येते का. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारांत दिव्यांगांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे. रांगेत मूल आखडू लागले, तर युडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र) दाखवून हे नम्रपणे सांगावे.

एका कागदावर औषधे व त्यांचे डोस, शेवटची आकडी कधी आली, डोक्यात शंट (मेंदूतले जादा पाणी वाहून नेणारी नळी) आहे का, रबराची किंवा लॅटेक्सची अॅलर्जी आहे का आणि गिळण्याचा त्रास किती हे लिहून न्यावे. आकडीचा त्या दिवशीचा डोस चुकवू नये. खुर्ची मागे करताना हळू करा, स्पर्श करण्यापूर्वी त्याला सांगा, डोके मध्यात राहू द्या, गुडघ्यांखाली उशी ठेवू द्या, आणि मला जवळ उभे राहू द्या, या पाच विनंत्या मी प्रत्येक वेळी करते. चांगले दंतवैद्य त्या ऐकतात आणि बरेचदा स्वतःहून विचारतात. डोळ्यांवर गॉगल चढवला की दिव्याचा त्रास होत नाही. मुलाला धरून ठेवावे लागणार असेल, तर कसे आणि किती वेळ, हे आधी विचारून संमती द्यावी.

एकाच वेळी अनेक दात बिघडले असतील तर पूर्ण भूल देऊन सगळे काम एका बैठकीत करणे हा योग्य निर्णय असू शकतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ आणि लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालयच निवडावे. उपाशीपोटी राहण्याची वेळ आणि सकाळचे आकडीचे औषध द्यायचे की नाही, हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे. मोठ्या किडलेल्या दाढांवर स्टीलची टोपी बसवून घेतली की ती टिकते. भरलेले सिमेंट दात खाणाऱ्या मुलात लवकर निखळते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात दातांच्या उपचारांसाठीही तरतूद आहे. कार्डाचे नूतनीकरण वेळेवर करावे.

पडल्यावर

आकडीत किंवा पडल्यावर कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मळला असेल तर क्षणभर पाण्याखाली धरावा, घासू नये, आणि थंड दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्यांकडे न्यावा. इतर मुलांच्या बाबतीत तो जागच्या जागी बसवायला सांगतात; पण ज्याला आकडी येते किंवा गिळण्याचा त्रास आहे, त्याच्या तोंडात सैल दात ठेवणे धोक्याचे आहे, म्हणून दूधच बरे. दुधाचा दात परत बसवत नाहीत. पडलेला दात कुठेच सापडला नाही आणि मूल खोकत असेल किंवा श्वासाला घरघर लागली असेल, तर तो श्वासनलिकेत गेला असे धरून तातडीने रुग्णालय गाठावे. याच कारणासाठी लोंबकळणारा दुधाचा दात आपोआप पडेल म्हणून थांबू नये. तो काढून घ्यावा.

मी दोन वर्षांपूर्वी तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळले, तेव्हा लक्षात आले की मुलाचा ब्रश करणे घरात दुसऱ्या कोणालाच येत नाही. त्यानंतर त्याच्या बाबांना, आजीला आणि दुपारी सांभाळायला येणाऱ्या मावशींना प्रत्येकी आठवडाभर माझ्यासमोर करायला लावले. आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे: भिंतीला पाठ, गुडघ्यांखाली लोड, हनुवटी खाली, पेस्ट तांदळाएवढी, दहापर्यंत मोजणे, जबडा मिटला तर ओढायचे नाही, शेवटी गॉज. मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी शेजारी चित्रे काढली आहेत.